बेस घुमतोय? आधी स्पीकरची जागा बदला
बेस, म्हणजे गाण्यातला खालच्या पट्टीचा जाड आवाज, घुमायला लागला की हात आधी टोनच्या बटणाकडे जातो, पण बहुतेकदा दोष जागेचा असतो. भिंतीला, त्यातही कोपऱ्याला चिकटलेल्या स्पीकरचा खालचा आवाज फुगतो. स्पीकर हात-दीड हात पुढे ओढा. मग बेस गिटारचा एकच तुकडा पुन्हा पुन्हा लावा आणि दर वेळी स्पीकर वीतभर सरकवा. एखादाच सूर उसळून येईनासा झाला की जागा सापडली. तुमची खुर्चीही मागच्या भिंतीला टेकवू नका, तिथे बेस हमखास जास्त ऐकू येतो. स्पीकरला पोर्ट, म्हणजे हवा ये-जा करायला पेटीला ठेवलेलं भोक, असेल तर त्यात स्पंजचा बोळा बसवून पाहा, फक्त तो आत पडणार नाही इतका जाड घ्या. पडदे-गालिच्यांवर मात्र भिस्त नको: 50 हर्ट्झची, म्हणजे बेसमधली, ध्वनिलहर जवळपास 7 मीटर लांब असते, ती त्यांना दाद देत नाही.