ट्रक ड्रायव्हरांनो, स्वतःच्या बाइकवरचं चलान हलक्यात घेऊ नका: या चुका टाळा

कळंबोलीत एका ट्रान्सपोर्ट ऑफिसात गाड्यांचे आणि ड्रायव्हरांचे कागद सांभाळायचं काम मी बरीच वर्षं करतोय. मागच्या पावसाळ्यात विम्याच्या कामासाठी सगळ्यांच्या लायसन्सच्या झेरॉक्स गोळा करत होतो. आमच्या एका जुन्या ड्रायव्हरने खिशातून लायसन्सऐवजी चार घड्यांचा कागद काढला. घामाने मऊ पडलेला, घडीवर फाटायला आलेला. मुलीला स्कूटरवरून क्लासला सोडायला कामोठ्यात गेला होता, हेल्मेट घरीच राहिलं. पोलिसांनी अडवलं, दंड केला, लायसन्स ठेवून घेतलं आणि ही पोच दिली.

"दंड भरला ना भाऊ, मिटलं ते," तो म्हणाला. त्या पोचेवर नऊ दिवस तो चाळीस फुटी कंटेनर घेऊन न्हावा-शेव्याला ये-जा करत होता. कागदावर कलम लिहिलेलं होतं, 206(4). ते वाचून माझ्या पोटात गोळा आला.

पोच म्हणजे लायसन्स नव्हे

लायसन्स घेतल्यावर पोलीस पोच देतात, आणि ती दाखवून गाडी चालवता येते, असं आपल्याकडे प्रत्येक जुना ड्रायव्हर सांगतो. पूर्वी ते बरोबर होतं, आणि कलम 206(3) खालच्या पोचेला आजही ते लागू आहे. पण 2019 च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात 206(4) आलं. भरधाव चालवणं, धोकादायक चालवणं, दारू पिऊन चालवणं, दुचाकीवर तिघं बसणं, हेल्मेट नसणं अशा गुन्ह्यांत पोलीस लायसन्स जप्त करून आरटीओकडे पाठवू शकतात. त्या वेळी जी पोच मिळते, तिच्यावर लायसन्स परत हातात येईपर्यंत गाडी चालवता येत नाही. कायद्यात तसं स्पष्ट लिहिलंय.

म्हणून पोच हातात आली की आधी कलम बघा. अक्षर लागत नसेल तर तिथेच त्या हवालदारांना विचारा, "साहेब, याच्यावर गाडी चालवता येईल का?" विचारायला लाजू नका. या एका प्रश्नावर तुमची रोजीरोटी आहे.

दंड भरला म्हणजे मिटलं, हा समज

माझ्या मते सगळ्यात जास्त नुकसान हा समज करतो. चलानचे पैसे भरले की ॲपवर 'पेड' दिसतं आणि माणूस निवांत होतो. पण कायद्याचं कलम 200 सांगतं की तडजोडीचा, म्हणजे कोर्टात न जाता, दंड भरल्याने 206(4) खालची कारवाई थांबत नाही. शिवाय दंड भरून मिटवलेला गुन्हाही पहिला गुन्हा म्हणून मोजला जातो. पुढच्या वेळी तोच गुन्हा झाला की तुम्ही दुसऱ्यांदा पकडले गेलेले ठरता.

वेगाचंच घ्या. ट्रकवर एकदम सांभाळून चालवणारा माणूस सुट्टीत स्वतःच्या कारने बायका-मुलांना घेऊन गावाला निघतो. कळंबोलीहून एक्सप्रेसवे लागला की पाय जड होतो. पहिल्यांदा बहुतेक दंडावर भागतं. दुसऱ्यांदा कलम 183 प्रमाणे लायसन्स जप्त व्हायला हवं, आणि त्याच लायसन्सवर तुमचा ट्रेलर चालतो.

बाइकचं लायसन्स वेगळं नसतं

"चलान बाइकचं आहे, हेवीला काय होतंय?" हे मी शंभरदा ऐकलंय. कार्डावर बाइक, कार, ट्रान्सपोर्ट असे वेगवेगळे प्रकार दिसतात, पण लायसन्स एकच आणि नंबर एकच. हेल्मेटच्या गुन्ह्यात कलम 194D खाली दंडाबरोबर तीन महिने लायसन्स धरायला अपात्र ठरवण्याची तरतूद आहे. मागे बसणाऱ्याच्या डोक्यावर हेल्मेट नसलं तरी हेच कलम लागतं, म्हणून बायकोसाठी दुसरं हेल्मेट घ्या. कलम 19 खाली आरटीओ जो आदेश काढतं, तो लायसन्सवरच्या सगळ्या प्रकारांना किंवा त्यातल्या काहींनाच लागू करता येतो. त्यामुळे आदेशाचा कागद ओळ न् ओळ वाचा. 'सर्व प्रकारची वाहने' असं लिहिलं असेल तर ट्रक, टेम्पो, स्कूटर सगळं बंद.

छोटा हत्तीवाल्यांनीही यातून सुटलो असं समजू नये. नोव्हेंबर 2024 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने साडेसात हजार किलोपर्यंतचं मालवाहू वाहन साध्या कारच्या लायसन्सवर चालवायची मुभा कायम ठेवली. पण मग टेम्पोचं सगळं काम त्याच लायसन्सवर आलं. ते निलंबित झालं की टेम्पो उभा.

शेठला न सांगणं

लपवायची इच्छा मी समजू शकतो. भत्ता बुडतो, घराचा हप्ता असतो, शेठ दुसरा ड्रायव्हर बघेल ही भीती असते. तरीही त्याच दिवशी सांगा. अपात्र असताना गाडी चालवली तर कलम 182 खाली तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दहा हजार दंड, किंवा दोन्ही. मालकाला माहीत असून त्याने गाडी दिली, तर त्याच्यावरही कारवाई होते. आणि सगळ्यात वाईट म्हणजे त्या काळात अपघात झाला, तर ड्रायव्हर अपात्र होता हा बचाव विमा कंपनीला कायद्यानेच दिलेला आहे. जखमीला किंवा मृताच्या घरच्यांना द्यावी लागणारी लाखोंची भरपाई मालकाच्या बोकांडी बसू शकते. ज्या शेठने हे एकदा भोगलंय, तो लपवणाऱ्या ड्रायव्हरला पुन्हा दारात उभं करत नाही.

वेळेत सांगणाऱ्याला मात्र बहुतेक ठिकाणी काहीतरी काम मिळतं. आमच्या त्या ड्रायव्हरला शेठने तीन महिने यार्डात गाड्या लावून घ्यायला आणि माल मोजायला ठेवलं. भत्ता गेला, पगार राहिला.

आरटीओची नोटीस गावाला जाते

लायसन्स रद्द किंवा निलंबित करण्याआधी तुमचं म्हणणं ऐकून घेणं आरटीओवर बंधनकारक आहे. पण नोटीस जाते लायसन्सवरच्या पत्त्यावर. आपल्या कितीतरी ड्रायव्हरांचा पत्ता बीड, नगर, साताऱ्याचा, नाहीतर तुर्भ्याच्या सोडलेल्या खोलीचा. तारीख निघून जाते, आदेश निघतो, आणि नाकाबंदीत अडवल्यावर माणसाला कळतं. लायसन्सच्या सरकारी सारथी पोर्टलवर पत्ता आणि मोबाईल नंबर आजच बदलून घ्या.

सुनावणीला जाताना दंडाची पावती, शेठचं नोकरीचं पत्र आणि आजवर गुन्हा नसेल तर तेही लेखी मांडा. आदेश चुकीचा वाटला तर मिळाल्यापासून 30 दिवसांत अपील करता येतं. अपात्रतेची मुदत संपली की कलम 19 प्रमाणे रिफ्रेशर ट्रेनिंग पूर्ण केल्यावरच लायसन्स परत मिळतं. तीन महिने कॅलेंडरवर मोजून थेट स्टिअरिंगवर बसू नका. सारथीवर स्थिती बदललेली दिसेपर्यंत थांबा.

आणखी काही गोष्टी

दारूच्या बाबतीत मी कुणालाच सवलत देत नाही. उलव्याला, करंजाड्याला हळदीला गेलात तर बाइक तिथेच ठेवा, रिक्षाने घरी या. रक्तात शंभर मिलिलिटरला 30 मिलिग्रॅमच्या वर अल्कोहोल सापडलं की केस कोर्टात जाते. पहिल्या गुन्ह्यात सहा महिन्यांपर्यंत कैद, दहा हजार दंड, किंवा दोन्ही. ते रेकॉर्ड बघून नवा मालक हेवी गाडी देईल असं मला वाटत नाही.

सोळा वर्षांच्या पोराच्या हातात बाइकची चावी देऊ नका. कलम 199A खाली पालकाला किंवा मालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि पंचवीस हजार दंड होऊ शकतो.

भाच्याने, मित्राने तुमची बाइक नेली आणि कॅमेऱ्याने टिपली, तर चलान गाडीच्या मालकावर येतं. महाट्रॅफिक ॲपवर आठवड्याला एकदा स्वतःच्या गाडीचा नंबर टाकून बघा. फोटोतली गाडी तुमची नसेल तर तिथेच तक्रार नोंदवा, आणि चालवणारा दुसरा असेल तर त्याचं नाव पोलिसांना द्या.

एजंट दुसऱ्या राज्यातून नवं लायसन्स काढून देतो म्हणाला तर उठून निघून या. एका माणसाला दोन लायसन्स धरता येत नाहीत, आणि अपात्र असताना नवं काढणं हाही गुन्हाच आहे.

आमचा ड्रायव्हर चौथ्या महिन्यात परत ट्रेलरवर चढला. त्या सकाळी त्याने आधी लायसन्सची झेरॉक्स माझ्या टेबलावर ठेवली. बाहेर त्याची स्कूटर उभी होती आणि आरशाला दोन हेल्मेटं लटकत होती, त्यातलं एक मुलीच्या मापाचं.