घरातल्या दिव्याखाली बुटके टोमॅटो : या चुका टाळा

ज्यांच्या घराला बाल्कनी नाही, किंवा असली तरी समोरच्या इमारतीमुळे तिच्यात दिवसाकाठी जेमतेम तासभर ऊन येते, त्यांच्यासाठी एलईडी दिव्याखाली वाढणारे बुटके टोमॅटो हा फार चांगला छंद आहे. फ्लोरिडा विद्यापीठाने १९८९ मध्ये प्रसारित केलेली ‘मायक्रो टॉम’ ही जात कुंडीत वीतभर उंचीची राहते, पेरल्यापासून साधारण महिना-सव्वा महिन्यात फुलते आणि अडीच-तीन महिन्यांत तिची पहिली फळे लाल होतात. चवीच्या बाबतीत ती पहिल्या क्रमांकाची नव्हे, परंतु नवशिक्याने हात बसवण्यासाठी तिच्याइतके सोयीचे रोप मला दुसरे ठाऊक नाही. लोक मला बिघडलेल्या रोपांचे फोटो पाठवतात, त्यांत खऱ्या रोगाची रोपे फार थोडी असतात. बाकीची सगळी रोपे घाईने आणि नको तितक्या उपचारांनी आजारी पडलेली असतात, आणि तेच ते प्रकार पुन्हा पुन्हा पाहिल्यामुळे हे एकदा सविस्तर लिहिणे मला आवश्यक वाटले.

या रोपाचे आयुष्य आखूड आहे, ही गोष्ट सर्वांत आधी मनात पक्की करावी. नारायणगाव किंवा पिंपळगावच्या बाजारात येणारा, शेतात तार-काठीवर चढवलेला टोमॅटो सुरुवातीला पंधरा दिवस मागे पडला, तरी पुढे कित्येक आठवडे वाढत राहून ती तूट भरून काढतो. मायक्रो टॉमला ती सवड नसते. ठरावीक पाने आली की शेंड्यावर फुलांचा घोस निघतो आणि मुख्य खोडाची वाढ तिथेच थांबते. पहिल्या तीन आठवड्यांत मुळे गुदमरली किंवा प्रकाश कमी पडला, तर रोप तसेच खुरटलेले राहून वेळेवर फुलते आणि चार-दोन फळे देऊन संपते. म्हणून खरी काळजी सुरुवातीला घ्यावी आणि नंतर हात आवरावा. नवशिके बहुधा याच्या नेमके उलट करतात.

दिवा चोवीस तास चालू ठेवणे

जास्त प्रकाश म्हणजे जास्त वाढ, या समजुतीने अनेकजण दिवा रात्रंदिवस चालू ठेवतात. दुसरे काहीजण फुले यावीत म्हणून प्रकाश अचानक बारा तासांवर आणतात. टोमॅटोसाठी या दोन्ही गोष्टी चुकीच्या आहेत. दिवसाच्या लांबीचा फुलण्याशी असलेला संबंध गार्नर आणि ॲलार्ड या अमेरिकी शास्त्रज्ञांनी १९२० मध्ये मांडला, आणि आपल्याकडचे शेतकरीही तो वापरतात. शेवंतीचे उत्पादक रात्री बल्ब लावून फुलणे लांबवतात, तर ड्रॅगन फ्रूटचे बागायतदार रात्री दिवे लावून बिगरहंगामी फुले काढतात. टोमॅटो मात्र या दोन्ही गटांत बसत नाही. दिवस लहान असो वा मोठा, तो आपल्या वयानुसार फुलतो. त्यामुळे फुलांसाठी तास कमी करून काहीच साधत नाही, उलट रोपाला मिळणारा एकूण प्रकाश तेवढा घटतो.

चोवीस तासांचा प्रकार तर सरळ इजा करणारा आहे. सतत प्रकाशात ठेवलेल्या टोमॅटोची पाने पिवळी पडून करपतात, हे संशोधकांना फार पूर्वीपासून माहीत आहे. काही जंगली टोमॅटोंमध्ये हा प्रकाश सहन करण्याची क्षमता असते, आणि तिच्याशी निगडित जनुक नेदरलँड्समधील वॅगनिंगन विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१४ मध्ये शोधून काढले. आपण पेरतो त्या बियांत मात्र ही क्षमता आहे असे धरून चालू नये.

ठाण्याला राहणारे आमच्या ओळखीचे एक निवृत्त गृहस्थ आहेत. अत्यंत नीटनेटके, प्रत्येक रोपाला क्रमांक देऊन वहीत नोंद ठेवणारे. त्यांनी कपाटाच्या एका कप्प्यात दिवा बसवला आणि रोपांना रात्री एकटे वाटू नये इतक्या प्रेमाने तो अखंड चालू ठेवला. तिसऱ्या आठवड्यात पानांच्या शिरा हिरव्या आणि मधला भाग पिवळट दिसू लागला. रोपवाटिकेत फोटो दाखवल्यावर मॅग्नेशियमची कमतरता सांगण्यात आली, म्हणून त्यांनी एप्सम सॉल्ट घातले. फरक पडला नाही म्हणून १९:१९:१९ हे नत्र, स्फुरद आणि पालाश सारख्या प्रमाणात असलेले विद्राव्य खत सुरू केले, तेही लिटरला पाच ग्रॅम आणि दररोज. मी पाहायला गेले तेव्हा कुंडीच्या कडेला मिठासारखा पांढरा थर जमला होता, पानांच्या कडा वर वळल्या होत्या आणि बोटांत धरल्या की कुरकुरीत तुटत होत्या. कुंडीखालच्या ताटलीतले पाणी ईसी मीटरने, म्हणजे पाण्यातले विरघळलेले क्षार दाखवणाऱ्या मीटरने, तपासले, तर आकडा चारच्या वर गेला. या वयाच्या रोपाला मी दीडच्या पुढे जाऊ देत नाही. म्हणजे मूळ दुखणे प्रकाशाचे होते, त्यावर खतांचा मारा झाला, आणि क्षारांमुळे मुळांना पाणीच घेता येईनासे झाल्यावर पाने आणखी वाळली, तेव्हा त्यांना वाटले की रोप अजून उपाशीच आहे.

आम्ही प्रत्येक कुंडीतून तिच्या आकाराच्या तिप्पट साधे पाणी सावकाश ओतून निथळू दिले, दिव्याला टायमर लावला, सोळा तास उजेड आणि आठ तास पूर्ण काळोख ठरवला आणि खत बंद केले. करपलेली पाने पुन्हा हिरवी होत नाहीत, त्यामुळे त्यांच्याकडे पाहून अनुमान काढू नये. नवी पाने कशी येतात ते पाहावे. त्यांच्या रोपांवर नवी पाने स्वच्छ हिरवी आली, परंतु तोवर शेंड्यावर घोस निघाला होता आणि रोपांची उंची चार बोटांवरच थांबली. गृहस्थांनी ती रोपे काढून नव्याने पेरणी केली, हे त्यांनी अतिशय योग्य केले.

टायमर दिव्याच्या मानाने फार स्वस्त मिळतो. दिव्यावर हजारो रुपये खर्च करून जे टायमर घेत नाहीत आणि ‘मी आठवणीने बंद करीन’ म्हणतात, त्यांना माझे आग्रहाचे सांगणे आहे की कृपया आठवणीवर विसंबू नका.

दिवा विकत घेताना खोक्यावरच्या मोठ्या आकड्याला भुलू नये. ‘१००० वॅट’ असे ठळक छापलेला दिवा प्रत्यक्षात भिंतीतून शंभर-सव्वाशे वॅटच वीज घेतो असे अनेकदा आढळते, म्हणून प्रत्यक्ष वीजवापराचा आकडा विचारावा. जांभळ्या दिव्यांपेक्षा मला पांढरे दिवे पसंत आहेत, कारण जांभळ्या उजेडात पानाचा पिवळेपणा, मावा, लाल कोळी यांतले काहीही वेळेत दिसत नाही. दिवा किती उंचीवर टांगावा हे मी मोबाइलमधल्या लक्समापकाने, म्हणजे प्रकाशाची तीव्रता मोजणाऱ्या ॲपने, ठरवते. कोवळ्या रोपांना आठ-दहा हजार लक्स आणि सहा पाने झाल्यावर वीस हजारांच्या आसपास, हे माझे नेहमीचे प्रमाण आहे. रोपे लांबट आणि लुळी होऊ लागली, तर दिवा दूर आहे असे समजावे.

वेळापत्रकाने पाणी घालणे

रोज सकाळी एक पेला पाणी, ही सवय तुळशीच्या कुंडीला उन्हात चालून जाते. घरात वारा नाही, ऊन नाही, आणि कुंडीतले कोकोपीट, म्हणजे नारळाच्या सोडणाचा भुसा, वरून वाळून फिकट दिसत असतानाही खाली चिंब असते. मुळांना वाफसा, म्हणजे ओल आणि हवा दोन्ही असलेली स्थिती, हवी असते, आणि ती वरून पाहून कळत नाही. मी कुंडी उचलून पाहते. पूर्ण भिजलेली आणि पाणी हवे असलेली कुंडी यांच्या वजनातला फरक हाताला एकदा कळला की दुसरे कोणतेही साधन लागत नाही. कोकोपीटभोवती काळी बारीक चिलटे उडू लागली, तर आधी पाणी कमी करावे आणि पिवळे चिकट सापळे लावावेत. कीटकनाशकाची बाटली उघडण्याची गरज नसते.

कोकोपीटची वीट भिजवून थेट वापरणे ही याच्या जोडीची चूक आहे. नारळाच्या सोडणात मुळातच पोटॅशियम आणि सोडियम बरेच असते, आणि ते कॅल्शियमची जागा अडवून बसते. वीट साध्या पाण्यात दोन-तीनदा धुऊन घ्यावी आणि शेवटच्या पाण्यात थोडे कॅल्शियम नायट्रेट विरघळवून रात्रभर भिजत ठेवावी. या कामाला एक दिवस जातो, आणि नेमका तो दिवस वाचवण्याचा मोह लोकांना होतो.

फळाच्या बुडाला काळा, चामड्यासारखा डाग पडला की लगेच अंड्याची टरफले कुस्करून घालण्याचा सल्ला दिला जातो. टरफले विरघळायला इतका काळ लागतो की या रोपाचे आयुष्य त्याआधीच संपते. कॅल्शियम पाण्याबरोबर फळापर्यंत पोचते, त्यामुळे कधी कोरडे, कधी चिखल अशी स्थिती असेल, तर कुंडीत कॅल्शियम असूनही फळाला ते मिळत नाही. पाणी नियमित केले की पुढची फळे बहुधा निरोगी येतात. डाग पडलेली फळे काढून टाकावीत.

बगलफुटी खुडणे

पानाच्या बेचक्यातून निघणारे फुटवे काढून टाका, हा सल्ला तारेवर उंच चढवलेल्या जातींसाठी बरोबर आहे. बुटक्या जातींवर मात्र फळांचा मोठा वाटा याच फुटव्यांवर येतो. व्हिडिओ पाहून कात्री घेऊन बसलेल्या माणसाला रोप स्वच्छ, सुबक दिसू लागल्याचे समाधान मिळते आणि महिन्याने फळे इतकी कमी का, हा प्रश्न पडतो. जमिनीला टेकलेली किंवा पूर्ण पिवळी झालेली खालची पाने एवढीच काढावीत. शेंडा तर मुळीच खुडू नये.

फुले गळतात म्हणून औषध घालणे

दादरला राहणाऱ्या माझ्या एका मैत्रिणीची रोपे पाहून कोणालाही आनंद झाला असता. दाट, गडद हिरवी, प्रत्येक घोसावर सहा-सात पिवळी फुले. तरीही एकही फळ धरेना. फुलाच्या देठावर मध्ये एक गाठ असते, तिथे देठ पिवळा पडायचा आणि फूल अलगद गळून यायचे. तिने आधी बोरॉन फवारले, मग फुलगळ थांबवणारे संजीवक आणले, मग ०:५२:३४ हे स्फुरद-पालाशाचे विद्राव्य खत सुरू केले. तोवर पावसाळा लागला होता, खिडक्या बंद होत्या आणि रोपांच्या खोलीत पंखाही चालत नव्हता, कारण वाऱ्याने रोपे मोडतील अशी तिला भीती वाटत होती.

टोमॅटोचे फूल स्वतःच्याच परागाने फळते, परंतु पराग पुंकेसरांच्या नळीत बंद असतात आणि फूल थरथरल्याशिवाय ते बाहेर पडत नाहीत. बाहेर हे काम वारा आणि भुंगे करतात. बंद खोलीत ते आपल्यालाच करावे लागते. मी विजेवर चालणारा टूथब्रश वापरते. त्याची मागची, दांड्याची बाजू घोसाच्या देठाला दोन-तीन सेकंद टेकवायची, फुलाला नाही. खाली मोबाइलचा काळा पडदा धरला, तर त्यावर पिवळसर भुकटी पडलेली स्पष्ट दिसते. मैत्रिणीने ती भुकटी पाहिली तेव्हा तिला आपल्या रोपात काहीच बिघाड नव्हता हे पहिल्यांदा पटले. सकाळी दहा-अकराच्या सुमारास, एक दिवसाआड, फुले पूर्ण उमललेली असताना हे करावे.

दमट हवेत पराग चिकट होऊन सुटत नाहीत, म्हणून पावसाळ्यात लहान पंखा मंद गतीने चालू ठेवणे मी सक्तीचे मानते. त्याने खोडही जाड होते. उष्णतेचे गणितही लक्षात ठेवावे. दिवसा तापमान बत्तीसच्या पुढे गेले आणि रात्रीही हवा गरम राहिली, तर पराग दुबळे पडतात आणि ब्रश लावूनही फळ धरत नाही. विदर्भ-मराठवाड्यातल्या वाचकांनी एप्रिल-मेमध्ये फुलोरा येईल अशी पेरणी न केलेली बरी. दिव्याचे तास रात्रीकडे वळवले, म्हणजे संध्याकाळी सहाला दिवा लावून सकाळी दहाला बंद केला, तर दिव्याची उष्णता दुपारच्या उकाड्यात मिसळत नाही, एवढी सोय करता येते.

काही लहान चुका

दिवा चालू असताना पानांवर कडुनिंबाचे तेल फवारू नये, पाने भाजतात.

‘टोमॅटोच आहे ना’ म्हणून बाजारातल्या टोमॅटोचे बी घरात पेरू नये. ते रोप पुरुषभर उंच जाऊन दिव्याला टेकते. बंगळूरच्या भारतीय बागायती संशोधन संस्थेची ‘अर्का रक्षक’ ही जात शेतासाठी उत्तम आहे, कपाटासाठी नाही.

रोप वारंवार एका कुंडीतून दुसरीत हलवू नये. मी बी थेट अडीच-तीन लिटरच्या शेवटच्या कुंडीतच पेरते आणि उगवेपर्यंत मधला भागच ओलसर ठेवते. ज्यांना ट्रेमध्ये रोपे करायची आहेत, त्यांनी खरी पाने दोन-तीन असतानाच, मातीच्या गड्ड्यासकट, एकदाच हलवावे.

खताचे प्रमाण पाकिटावरच्या निम्म्याने सुरू करावे आणि दर तिसऱ्या वेळी साधे पाणी घालावे. मुंबईच्या नळाचे पाणी मृदू असते, त्यामुळे कॅल्शियम वेगळे द्यावे लागते. पुण्याच्या उपनगरांत टँकर किंवा बोअरवेलचे पाणी वापरणाऱ्यांनी मात्र खत घालण्याआधी ते पाणी मीटरने तपासावे.

शेवटची फळे पिकू लागली की पाने पिवळी पडणे हे स्वाभाविक आहे. त्या वेळी नत्र वाढवून रोप तरुण ठेवण्याचा प्रयत्न करू नये. पहिला घोस लाल व्हायला लागला की मी शेजारच्या कुंडीत नवे बी पेरते, जुने रोप फळे संपल्यावर जमिनीलगत कापते, आणि त्यातले कोकोपीट मुळे काढून, धुऊन, सावलीत वाळवून पुढच्या पेरणीसाठी ठेवून देते.