शिडी, बिन आणि तासांची वही: ऑस्ट्रेलियातल्या फळबागेतले माझे चार महिने

शेपरटनला मी पोचले ती २०२५ च्या जानेवारीची अखेर होती. तिथे जानेवारी म्हणजे ऐन उन्हाळा. मेलबर्नच्या उत्तरेला साधारण १८० किलोमीटरवर हे गाव आहे, आणि ऑस्ट्रेलियातले बहुतेक पेअर याच गोल्बर्न खोऱ्यात पिकतात. सकाळी सहाला बागेत उभं राहायचं होतं. शेतातल्या कामाचा मला काडीचाही अनुभव नव्हता. तुम्हीही तसेच निघाला असाल, तर हे तुमच्यासाठी लिहिते आहे.

आधी व्हिसा. भारतीय पासपोर्टवर ‘वर्क अँड हॉलिडे’, म्हणजे ४६२ क्रमांकाचा व्हिसा, ऑक्टोबर २०२४ पासून सुरू झाला. वर्षाला १,००० जागा, वय १८ ते ३०, आणि निवड सोडतीने. सोडतीच्या नोंदणीला २५ ऑस्ट्रेलियन डॉलर लागतात. नाव लागलं की मग बारावीनंतरच्या किमान दोन वर्षांच्या शिक्षणाचे, इंग्रजीचे आणि खात्यात ५,००० डॉलर असल्याचे पुरावे द्यायचे. व्हिसा वर्षभराचा असतो. ठरवून दिलेल्या भागात शेतीचं तीन महिने, म्हणजे ८८ दिवस, काम केलं तर दुसऱ्या वर्षाचा व्हिसा मागता येतो. ‘ठरवून दिलेला भाग’ हे शब्द नीट वाचा. काम स्वीकारण्याआधी शेताचा पोस्टकोड सरकारी यादीत बघून घ्या. आमच्या हॉस्टेलमधल्या एका मुलीने दुसऱ्या राज्यात सात आठवडे राबून काम केलं आणि नंतर तिला कळलं की तो पोस्टकोड यादीत नाही. तिचा चेहरा मला अजून आठवतो.

कुठे जायचं हे हंगाम ठरवतो. पेअर आणि सफरचंद जानेवारीच्या अखेरीपासून एप्रिल-मेपर्यंत चालतात. टास्मानियात चेरी डिसेंबर-जानेवारीत येते. ब्रिस्बेनच्या उत्तरेला कॅबुल्चरकडे स्ट्रॉबेरी जूनपासून ऑक्टोबरपर्यंत, तर टली-इनिसफेलकडे केळी बारा महिने. डार्विन आणि कॅथरीनचा आंबा सप्टेंबरनंतर सुरू होतो, पण तिथे उकाडा भयंकर, आणि आंब्याचा चीक अंगावर उडाला तर कातडी भाजल्यासारखी होते. पहिल्याच कामासाठी मी तो कुणाला सुचवणार नाही.

आता खरं काम. पोटावर कॅनव्हासची पिकिंग बॅग असते, तिचे पट्टे दोन्ही खांद्यांवरून पाठीवर जातात. भरली की ती पंधरा-वीस किलोंची होते. ती घेऊन तीन पायांच्या शिडीवरून उतरायचं, बिनपाशी, म्हणजे रांगेत ठेवलेल्या मोठ्या खोक्यापाशी, जायचं, बॅग बिनच्या आत खोल टेकवायची आणि मग तळाची झडप सोडायची. वरून ओतलं तर फळाला मार बसतो. तो मार त्या क्षणी दिसत नाही, दोन दिवसांनी प्रतवारीच्या वेळी काळा पडून वर येतो. एका बिनमध्ये चारशे किलोंच्या आसपास फळ मावतं. म्हणजे वीस-पंचवीस बॅगा.

पहिल्या दिवशी मी पेअर ओढून काढत होते. कधी देठ तुटत होता, कधी फांदीवरचा खुंट फळाबरोबर येत होता. शेजारच्या रांगेत व्हानुआतू या पॅसिफिकमधल्या बेटांच्या देशातून आलेला एक वयस्क माणूस होता, त्याचा हा पाचवा हंगाम. तो आपली शिडी सोडून माझ्याकडे आला, काही न बोलता माझा हात धरला, पेअर तळव्यात घेतलं आणि अंगठा देठाच्या बुंध्याशी टेकवून फळ हळूच वर उचललं, आडवं होईपर्यंत. ‘टक्’ असा बारीक आवाज झाला आणि देठासकट फळ हातात आलं. ओढायचं नाही, उचलायचं. तो खुंट मोडला तर तिथे पुढच्या वर्षी फळ धरत नाही, म्हणून मालक त्यावर इतके चिडतात. आणि पेअर हिरवं, टणक असतानाच का तोडतात, हेही त्यानेच सांगितलं: झाडावर पिकू दिलं तर ते आतून, गाभ्यापासून नासायला लागतं.

पहिले दहा दिवस हात मंदच चालणार. बोटं सुजतात, खांद्यांवर पट्ट्यांचे वळ उठतात, रात्री कूस बदलताना पाठ बोलते. या दहा दिवसांत वेगाच्या मागे लागू नका. झाडाच्या खालच्या फांद्या आधी जमिनीवरूनच उरका, मग शिडी लावा. एका जागेवरून हात पोचेल तेवढं सगळं काढूनच शिडी हलवा. वेग यातून येतो. तिसऱ्या आठवड्यात मी दिवसाला चार बिन भरत होते, आणि हात पहिल्यापेक्षा घाईत अजिबात नव्हते.

यापुढचं मात्र दोनदा वाचा, कारण नवी मुलं इथेच फसतात. पहिल्या दिवशी मी नऊ तासांत दोन बिन भरले. बागेला मजूर पुरवणाऱ्या काँट्रॅक्टरने बिनमागे ६० डॉलर सांगितले होते, तेही तोंडी. हातात १२० डॉलर आले. “हळू काम करणाऱ्याला एवढंच मिळतं,” असं त्याने सांगितलं आणि मीही मान डोलावली, कारण मला वाटलं चूक माझीच आहे. चूक माझी नव्हती. २८ एप्रिल २०२२ पासून नियम असा आहे की नगावर काम असलं तरी प्रत्येक तासाला ठरलेलं किमान वेतन मिळालंच पाहिजे. कॅज्युअल, म्हणजे कायम नोकरी नसलेल्या, कामगारासाठी तो दर माझ्या हंगामात तासाला २९ डॉलरच्या थोडा वर होता. म्हणजे त्या दिवसाचे माझे २६० डॉलरहून जास्त होत होते. शिवाय नगाचा दर काम सुरू होण्याआधी लेखी द्यावा लागतो.

हे मला सहाव्या दिवशी कळलं, हॉस्टेलच्या स्वयंपाकघरात. सुदैवाने पहिल्या दिवसापासून मी एका छोट्या वहीत लिहीत होते: किती वाजता बागेत आले, किती वाजता सुटले, मधली सुट्टी, कुठली रांग, किती बिन. सवय म्हणून लिहीत होते, पुढे त्याचा उपयोग होईल हे डोक्यातही नव्हतं. त्या पानांचे फोटो आणि नियमाचा दुवा मी काँट्रॅक्टरला आणि बागेच्या मालकाला लेखी पाठवला. आठ दिवसांनी फरकाची रक्कम खात्यात आली. आली नसती तर फेअर वर्क ऑम्बुड्समनकडे, म्हणजे पगाराच्या तक्रारी बघणाऱ्या सरकारी कार्यालयाकडे, जायचं मी ठरवलंच होतं. तिथे तक्रार करायला पैसे लागत नाहीत. “तक्रार केलीस तर व्हिसा रद्द करीन,” असं कुणी म्हणालं तर घाबरू नका. तो अधिकार मालकाला नसतो.

मधल्या माणसामार्फत काम घेणार असाल, तर क्वीन्सलँड, व्हिक्टोरिया आणि साउथ ऑस्ट्रेलियात अशा काँट्रॅक्टरला परवाना लागतो आणि परवानाधारकांची यादी कुणालाही बघता येते. नाव टाकायला दोन मिनिटं लागतात. काम देण्याआधी अनामत मागणारा, रोख पगार देणारा, पे-स्लिप टाळणारा माणूस दिसला की तिथून निघा. “आमच्याच हॉस्टेलमध्ये राहिलं तरच काम” म्हणणाऱ्यांपासूनही जपून राहा. पाऊस आला की काम बंद आणि कमाई बंद, पण खोलीचं भाडं चालू राहतं. म्हणून तीन-चार आठवड्यांचा खर्च हाताशी असल्याशिवाय शेतीच्या कामाला जाऊ नका. मुलींना आणखी एक सांगते: गाडीत कोण आहे, बाग कुठे आहे, हे रोज कुणाला तरी कळवून निघा. मी रोज कळवत होते, त्यात मला काही कमीपणा वाटला नाही.

कराचं थोडक्यात. टॅक्स फाइल नंबर फुकट मिळतो, त्यासाठी एजंटला पैसे देऊ नका. मालकाची कर खात्याकडे नोंदणी असेल तर ४५,००० डॉलरपर्यंत १५ टक्के कर कापला जातो, नंबर दिला नाही तर कितीतरी जास्त. तुमच्या नावावर सुपरचे, म्हणजे निवृत्ती निधीचे, पैसेही जमा होतात. देश सोडल्यावर ते मागता येतात, पण या व्हिसावर त्यातले ६५ टक्के करात जातात. तरी उरलेले तुमचेच आहेत, अर्ज करा.

मेच्या मध्यात शेवटची सफरचंदं उतरली. सगळ्या पे-स्लिप एका पाकिटात घातल्या, बँकेचे उतारे काढले आणि वहीतल्या तारखांशी एकेक ताडून बघितले. पूर्ण आठवडा भरला की सुट्टीचे दोन दिवसही धरले जातात, त्या हिशोबाने १०१ दिवस झाले होते. वहीची चारच पानं उरली होती. कॅबुल्चरच्या स्ट्रॉबेरीसाठी बस पकडण्याआधी मी शेपरटनच्या दुकानातून तशीच दुसरी वही घेतली.