तांब्याचा तळ सरळ रेघेने काढू नका

ड्रॉइंगच्या क्लासात पहिल्याच आठवड्यात समोर पितळी तांब्या ठेवला. मी तोंडाला झकास लंबगोल काढला आणि तळाला पट्टीने मारावी तशी सरळ रेघ. तांब्या कापून चिकटवल्यासारखा दिसायला लागला! टेबल सपाट आहे हे ठाऊक असतं ना, म्हणून हात तसाच चालतो. पण भांडं नजरेच्या पातळीखाली असेल, तर लंबगोल खाली जाताना उघडत जातो. तळाचा तोंडापेक्षा जास्त गोलसर हवा. आधी मधोमध उभी रेघ मारा. २बी पेन्सिलने, हलक्या हाताने, तळाचा लंबगोल पूर्ण फिरवा. मागचा भाग नंतर खोडा. मग कागद उलटा धरा. तांब्याचा एक खांदा उतरला असेल तर लगेच खुपतो. माझा अजून डावा उतरतो.