दिवाळीनंतर कुंड्यांच्या बाबतीत या चुका टाळा

पाऊस गेला, ऑक्टोबर हीट पण ओसरली, सकाळी जरा गारवा जाणवतोय, म्हणजे बागेतली कामं करायला वर्षातला सगळ्यात भारी टाइम. आणि नेमकं याच दिवसांत 'पानं पिवळी पडतायत, कुठलं खत घालू?' सुरू होतं. खत नको हो, आधी पाणी बघा.

ऑक्टोबरच्या उन्हात रोज पाणी घालायची सवय लागलेली असते, तीच पुढे डिसेंबरपर्यंत चालू राहते. गारव्यात माती लवकर वाळत नाही, वरून कोरडी ठणठणीत दिसते आणि दोन पेरं बोट आत घातलं की चिखल. त्यात चार महिन्यांच्या पावसाने माती दबून घट्ट झालेली, तळाचं भोक मुळांनी नाहीतर गाळाने बुजलेलं. कुंडी आडवी करून खालून सळई घाला, पाणी निथळतंय का बघा, वरची माती खुरप्याने हलकी करा. मुळं कुजायला लागलेली असताना वरून युरिया टाकला तर झाड वाचत नाही, लवकर जातं, एवढं लक्षात असू द्या.

गुलाबाची छाटणी दसऱ्यानंतर करतात, राहिली असेल तर नोव्हेंबर संपायच्या आत उरकून घ्या कारण छाटल्यापासून फुलं यायला साधारण दीड महिना जातो, आणि उशीर केलात तर चांगली थंडी नुसती पानं बघण्यात जाईल. किचनमधली बोथट कात्री आणू नका, फांदी चिरडते आणि तिथूनच ती वरून खाली काळी पडत येते. बाहेरच्या बाजूला तोंड असलेला डोळा, म्हणजे जिथून नवी फूट येते तो फुगवटा, बघून त्याच्या जरा वर तिरका काप घ्यायचा, जाड फांदीच्या कापावर बोर्डो पेस्ट (मोरचूद आणि चुन्याचं बुरशीनाशक) लावायची. कलमाच्या गाठीखालून जोमदार फुटवा आलाय म्हणून खूश होऊ नका, तो ज्या रानटी गुलाबावर कलम बांधलंय त्याचा, जिथून फुटलाय तिथूनच काढा. नाहीतर वर्षभराने 'माझ्या गुलाबाची फुलं बदलली' म्हणाल.

आता शेवंती. झाड हिरवंगार, पण कळ्यांचा पत्ता नाही, असं असेल तर रात्री जाऊन बघा तिच्यावर बाल्कनीतल्या दिव्याचा किंवा रस्त्यावरच्या लाइटचा उजेड पडतोय का. शेवंतीला कळ्या धरायला लांब आणि सलग अंधारी रात्र लागते, रात्रभर बल्ब चालू म्हणजे तिच्या हिशोबाने अजून उन्हाळाच चाललाय. कुंडी अंधाऱ्या कोपऱ्यात सरकवा, दिवसा मात्र भरपूर ऊन हवं. आणि झाड डेरेदार व्हावं म्हणून आत्ता शेंडे खुडणं बंद, ते काम पावसाळ्यातलं, आत्ता खुडाल तर कळ्याच जातील. कोवळ्या शेंड्यांवर मावा (रस शोषणारे बारीक किडे) दिसला तर आधी पाण्याचा जोरात फवारा मारा, नाही हटला तर एक लिटर पाण्यात पाच मिली निमतेल आणि थोडा लिक्विड सोप, तेही संध्याकाळी, उन्हात मारलं तर पानं करपतात.

मोगऱ्याला हात लावू नका, गुलाबाबरोबर तोही छाटायचा मोह होतो पण त्याची पाळी जानेवारीत. अडेनियम पानं गाळतोय? गाळू द्या, पाणी कमी करा, खत बंद. कढीपत्ता पण थंडीत ढिम्म बसतो.

कोथिंबिरीचं सांगायचं राहिलंच. धने अख्खे पेरू नका, चपलेने नाहीतर लाटण्याने हलके रगडून दोन फाका करा, पीठ नको. डब्यातले जुने धने बऱ्याचदा उगवतच नाहीत. मेथी चार-पाच दिवसांत वर येते म्हणून कोथिंबीर पण येईल असं धरून लोक आठव्या दिवशी कुंडी उकरतात आणि नेमके फुटलेले कोंब मोडतात. तिला दोन आठवडे द्या, तोवर वरून झारीनेच पाणी.