उलट्या चालू असताना लेकराला ओआरएस कसं पाजायचं

आधी एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा, ओआरएसने, म्हणजे पाकिटातली मीठ-साखरेची पावडर पाण्यात कालवून देतात त्याने, जुलाब थांबत नाहीत. जुलाबातून आणि उलटीतून जे पाणी नि क्षार बाहेर जातायत ते परत भरायचे, एवढ्यासाठीच ते असतं. हे माहीत नसल्यामुळे बरेच आईबाप सकाळी एक ग्लास पाजतात, दुपारपर्यंत पोराला अजून तीनदा झाली की म्हणतात हे काही लागू पडत नाहीये, आणि पाकीट बाजूला ठेवून मेडिकलमधून जुलाब बंद करायची गोळी आणतात. लहान मुलांना ती गोळी द्यायची नसते. अँटिबायोटिकपण डॉक्टरांनी लिहून दिल्याशिवाय नाही, कारण मुलांचे बहुतेक जुलाब व्हायरसचे असतात आणि त्यावर ते चालतच नाही. उलट्या साधारण एक-दोन दिवसांत कमी होतात, जुलाब ५-७ दिवस राहू शकतात, आणि तेवढे दिवस मुलाच्या अंगातलं पाणी कमी पडू द्यायचं नाही हेच आपलं काम.

आमचं घर मोठं, पोरंबाळं कायम भरलेली, पावसाळा लागला की कुणाचं ना कुणाचं पोट बिघडतंच. त्यामुळे हे काम हातात बसलंय माझ्या, आणि दर वेळी शेजारपाजारचे तेच तेच सल्ले ऐकून आता राग येतो म्हणून एकदा सगळं लिहून काढते.

घरी थांबायचं नाही ते कधी

हे आधी वाचा, पाकीट नंतर फोडा. बाळ २-३ महिन्यांच्या आतलं असेल तर घरी काहीच प्रयोग नको, सरळ डॉक्टर. जुलाबात रक्त दिसलं, उलटी हिरवी झाली, पोट फुगून टणक लागलं, ताप खूप चढला, किंवा मूल पाणी तोंडात घ्यायलाच तयार नाही, दिलेला प्रत्येक घोट बाहेर येतोय, तरी लगेच निघायचं. आणि मूल मलूल पडलंय, हाक मारली तर धड बघत नाही, डोळे खोल गेलेत, रडतंय पण डोळ्यात पाणी नाही, तान्ह्याची टाळू आत गेलीये, ६-८ तासांत शू झालेली नाही, तर रात्रीचे २ वाजले असले तरी सकाळची वाट बघायची नाही. पोटाची कातडी चिमटीत धरून सोडायची, ती लगेच सपाट व्हायला पाहिजे, हळूहळू खाली बसत असेल तर पाणी बरंच कमी झालंय. गाडी नसेल तर १०८ ला फोन करा. वाटेतसुद्धा मूल शुद्धीत असेल आणि गिळत असेल तर चमच्याने ओआरएस चालू ठेवायचं.

डायपर लावता तर शू झाली की नाही हे जुलाबात कळत नाही, म्हणून या दिवसांत जमेल तेवढा वेळ कापडी लंगोट किंवा नुसती चड्डी घाला, धुणं वाढेल पण शू दिसेल.

पाकीट कुठलं आणि पाणी किती

पाकिटावर डब्ल्यूएचओ (जागतिक आरोग्य संघटना) फॉर्म्युला असं लिहिलेलं बघून घ्या. आशाताईंकडे, आरोग्य केंद्रात फुकट मिळतं, तेही तितकंच चांगलं असतं. ओआरएसच्या नावाखाली टेट्रापॅकमध्ये जी गोड सरबतं विकली जात होती ती ओआरएस नव्हेत. हैदराबादच्या बालरोगतज्ज्ञ डॉ. शिवरंजनी संतोष या विषयावर वर्षानुवर्षं भांडल्या आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये एफएसएसएआयने, म्हणजे देशाच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने, अशा पेयांच्या नावात ओआरएस शब्द वापरायला बंदी घातली. बाईंचे उपकार आहेत आपल्यावर. पण घरात जुनं काही पडलेलं असू शकतं, नाव तेच ठेवून नाही तर बदलून रंगीत बाटल्या येतच राहतील, त्यामुळे नजर मागच्या बाजूच्या बारीक अक्षरांवर हवी. खऱ्या ओआरएसमध्ये १ लिटरला ग्लुकोज १३.५ ग्रॅम, मीठ २.६ ग्रॅम, पोटॅशियम क्लोराइड १.५ ग्रॅम आणि ट्रायसोडियम सायट्रेट २.९ ग्रॅम असतं. हे प्रमाण कुणी उगाच ठरवलेलं नाही, आतड्यात मीठ आणि ग्लुकोज एकत्र असले की दोन्ही जोडीने आत ओढले जातात आणि त्यांच्यामागे पाणी जातं. साखर जास्त झाली की उलटं होतं, अंगातलं पाणी आतड्यात येतं आणि जुलाब वाढतात. म्हणूनच कोल्ड्रिंक, पॅकेटचा ज्यूस, ग्लुकोज पावडरचं पाणी आजारी पोराला देऊ नका. नारळपाणी मधेमधे चालेल, त्याला ओआरएसच्या जागी बसवू नका.

आता पाणी. मोठं पाकीट १ लिटरचं असतं आणि छोटं २०० मिलीचं, दोन्ही बाजारात आहेत आणि इथेच सगळा घोळ होतो. मोठं पाकीट एका पेल्यात कालवलं तर ते एवढं खारट होतं की मुलाच्या रक्तातलं मीठ वाढू शकतं, ते धोक्याचं आहे. आणि "थोडंच लागतंय ना" म्हणून मोठ्या पाकिटातली अर्धी पावडर काढून अंदाजाने पाणी घालणं, हेही नाही करायचं, पावडरमधलं मीठ नि साखर हाताने सारखं वाटलं जात नाही. पूर्ण पाकीट, पूर्ण पाणी. मापाला विकतच्या पाण्याची १ लिटरची रिकामी बाटली स्वच्छ धुऊन वापरा, घरातले तांबे-पेले सगळे वेगवेगळ्या मापाचे असतात. पाणी उकळून गार केलेलं घ्या, पावडर घातल्यावर परत उकळायचं नाही. वरून साखर, दूध, ज्यूस, काही घालायचं नाही. झाकून ठेवायचं, २४ तासांनी उरलेलं ओतून द्यायचं.

पाकीट मिळेपर्यंत घरचं: १ लिटर पाण्यात चहाचे ६ चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. चमचा ५ मिलीचा, कफ सिरपच्या बाटलीबरोबर येतो तो, आणि सुरीच्या पात्याने सपाट करून घेतलेला, शीग लावून नाही. करून झालं की स्वतः चाखा, अश्रूंपेक्षा खारट लागलं तर टाकून द्या आणि नव्याने करा. चिमूटभर मीठ, मूठभर साखर हे माप विसरा, प्रत्येकाची चिमूट वेगळी असते.

पाजणं, म्हणजे खरं काम

इथपर्यंत सगळ्यांना जमतं. इथून पुढे गाडी अडते, माझीही अडायची. होतं काय, मुलाला तहान लागलेली असते, आपण पेला पुढे करतो, ते घटाघटा अर्धा पेला पितं, आपल्याला बरं वाटतं, आणि पाच मिनिटांत सगळं अंथरुणावर. मग घरातलं कुणीतरी म्हणतं पोटात काही ठरत नाहीये, आता काही देऊ नका, पोटाला आराम द्या. आणि मूल सुकायला लागतं. या "पोटाला आराम" सल्ल्याचा मला मनापासून संताप आहे. पोट आराम मागत नाही, ते हळू द्या म्हणतंय, बास.

उलटी झाली की तोंड धुऊन, कपडे बदलून १० मिनिटं थांबायचं. घड्याळ बघून थांबायचं, कारण रडणाऱ्या लेकराकडे बघत १० मिनिटं फार मोठी वाटतात. मग मुलाला मांडीवर बसतं धरायचं, आडवं झोपवून कधीच पाजायचं नाही, ठसका लागतो. आणि चमच्याने सुरुवात. एक छोटा चमचा, ५ मिली. मग एक-दोन मिनिटं काही नाही. परत एक चमचा. परत थांबा. मूल चमचा ओढेल, पेल्याकडे हात करेल, रडेल, तरी पेला हातात द्यायचा नाही, आणि आजीला दया आली तर आजीलाही समजावून सांगायचं. पेला तर दिसेल असा ठेवूच नका. बाटलीने पाजणारे आहात तर बाटली या दिवसांपुरती फळीवर ठेवा, बाटलीतून दूध-पाणी भसाभसा जातं आणि निपलमध्ये जंतू राहतात ते वेगळंच.

एवढ्याशा चमच्याने काय होणार, असं वाटतं. हिशोब करून बघा. दर २ मिनिटांनी एक चमचा म्हणजे तासाला १५० मिली. मिनिटाला एक म्हणजे ३०० मिली. पाणी थोडं कमी झालेल्या मुलाला दवाखान्यात देखरेखीखाली देतात ते प्रमाण असतं किलोला ७५ मिली, ४ तासांत. म्हणजे १० किलोच्या पोराला ७५० मिली, म्हणजेच ४ तासांत १५० चमचे. जमतं. एका माणसाचा हात दुखतो, म्हणून पाळी लावायची, अर्धा तास आई, अर्धा तास बाबा, आणि वहीत वेळ लिहायची. घरातल्या पुरुषांना हे काम हमखास येतं, कुणीतरी त्यांच्या हातात चमचा द्यायचा असतो फक्त.

मूल चमच्याला तोंड मिटून घेत असेल तर मेडिकलमधून ५ मिलीची सिरिंज आणा, सुई काढून टाकायची, आणि गालाच्या आतल्या बाजूला हळूहळू सोडायचं, घशाकडे पिचकारी मारायची नाही. नाक दाबून पाजणं तर अजिबात नाही, श्वासनलिकेत जाईल. मूल झोपलं तरी बहुतेक वेळा उठवून चमचा द्यावा लागतो, पहिल्या रात्री तर नक्कीच, आणि उठवून उठत नसेल तर ती झोप नसते, लगेच दवाखाना. ओआरएस थोडं गार करून दिलं तर काही मुलं सहज घेतात.

मधेच परत उलटी झाली तर? होणार. दिलेलं सगळंच्या सगळं बाहेर येत नाही, काही भाग आत गेलेला असतो. परत १० मिनिटं, परत चमचा, या वेळी अजून सावकाश, २-३ मिनिटांनी एक. तासभर नीट राहिलं की मग घोट-घोट, मग छोटी वाटी. त्यानंतरचं माप सोपं आहे, दर जुलाबामागे २ वर्षांच्या आतल्या मुलाला ५० ते १०० मिली, त्यापुढे १०० ते २०० मिली, मोठ्यांना हवं तेवढं. सावकाश देऊनही प्रत्येक वेळी ओकतच असेल तर वर लिहिलेलं आठवा आणि निघा, उलटीचं औषध द्यायचं की नाही ते डॉक्टर ठरवतील, मागच्या वेळचं उरलेलं सिरप काढू नका.

"त्यापेक्षा एक सलाईन लावून आणा" म्हणणारे प्रत्येक घरात असतात. त्यांना १९७१ सांगा. बांगलादेशच्या युद्धात पश्चिम बंगालमध्ये बनगावच्या निर्वासित छावणीत कॉलऱ्याची साथ होती, सलाईन संपत आलं होतं, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ-साखरेचं पाणी मोठ्या प्रमाणावर करून नातेवाइकांच्याच हातून रोग्यांना पाजलं. आधी ३० टक्क्यांच्या आसपास माणसं दगावत होती, ती जेमतेम ४ टक्क्यांच्या आत आली. त्यांना २०२३ मध्ये मरणोत्तर पद्मविभूषण मिळालं. सलाईन लागतं ते मूल पिऊच शकत नसेल किंवा फारच सुकलं असेल तेव्हा, आणि तेव्हा ते लागतंच, त्यात वाद नाही.

खाणं

बंद करायचं नाही. अंगावरचं दूध तर मुळीच नाही, उलट जास्त वेळा पाजा. मऊ भात, मुगाची खिचडी, पेज, केळं, ताक, दहीभात, वर थोडं तूप चालतं. थोडं थोडं, दिवसातून पाच-सहा वेळा. नाही खाल्लं तर जबरदस्ती नको, दोन तासांनी परत विचारा.

जायफळ उगाळून देऊ नका. जायफळाने गुंगी येते, आणि मग पोर मलूल झालंय ते जायफळाने की पाणी कमी झाल्याने, हे तुम्हालाही कळत नाही नि डॉक्टरांनाही. आणि दात येतायत म्हणून जुलाब होतायत, हेही सोडून द्या. दात येण्याच्या वयात मूल दिसेल ते तोंडात घालतं, जंतू तिथून जातात, आणि दाताचं म्हणून दुर्लक्ष झालं की तोवर लेकरू सुकतं.

झिंक

झिंक म्हणजे जस्ताची गोळी. हे सगळ्यात जास्त विसरलं जातं. ६ महिन्यांपुढच्या मुलाला रोज २० मिलीग्रॅम, २ ते ६ महिन्यांच्या बाळाला १० मिलीग्रॅम, सलग १४ दिवस. गोळी चमचाभर पाण्यात किंवा आईच्या दुधात विरघळते. ओआरएसबरोबर आरोग्य केंद्रात मिळते, डोस एकदा तिथे विचारून खात्री करा. याने हा आजार लवकर आटोपतो आणि पुढचे दोन-तीन महिने जुलाब परत होण्याची शक्यता कमी होते. तिसऱ्या-चौथ्या दिवशी पोर अंगणात पळायला लागतं आणि गोळ्यांचं पाकीट फ्रिजवर राहून जातं, म्हणून पहिल्याच दिवशी भिंतीवरच्या कॅलेंडरवर १४ तारखांना पेनने गोल करून ठेवा आणि गोळी दिली की एकेक खोडत जा.