घरबसल्या जीनोमची तुलना शिकताना

जळगाव-धुळ्याकडची एमएस्सीची पोरं हल्ली एकच विचारतात: दादा, कॉलेजात सिक्वेन्सिंगचं, म्हणजे डीएनए वाचायचं मशीन नाही, मग जीनोमचं, म्हणजे प्राण्याच्या सगळ्या डीएनएचं काम शिकायचं कसं? अरे, मशीन लागतंय कुणाला! उंदराचा जीनोम 2002 मध्ये आला, कोंबडीचा 2004 मध्ये, चिंपांझीचा 2005 मध्ये. सगळे फुकट आहेत. मी रावेरला घरीच, लाइट असेल तेव्हा, जुन्या लॅपटॉपवर यूसीएससी जीनोम ब्राउझर ही जीनोम शेजारी-शेजारी लावून बघायची वेबसाइट उघडून बसायचो.

माणसाच्या डीएनएच्या सुमारे 3 अब्ज अक्षरांपैकी प्रथिनं बनवायची कृती जेमतेम दीड टक्क्यात असते. बाकीच्यात कामाचं काय, हे हुडकायचं तर तुलना कुणाशी करायची हे आधी ठरवा. चिंपांझी लावला तर जवळपास सगळंच जुळतं, मग वेगळं काढणार काय? मासा लावला तर जनुकांबाहेर फारच थोडं जुळतं. पण जे जुळतं, ते कोट्यवधी वर्षं टिकलंय म्हणजे बहुधा कामाचंच. नवख्याने उंदीर आणि कोंबडीपासून सुरुवात करावी, असं माझं मत.

सरावाला झेडआरएस हा डीएनएचा तुकडा घ्या. हातापायांची घडण ठरवणाऱ्या सोनिक हेजहॉग जनुकाला चालू करणारा हा स्विच, पण बसलाय सुमारे 10 लाख अक्षरं लांब, एलएमबीआर1 या भलत्याच जनुकाच्या पोटात. ब्राउझरमध्ये तिथे उंदीर, कोंबडी, अगदी माशापर्यंत जुळणीचा उंचवटा दिसतो. यातलं एखादं अक्षर बदललं तरी सहावं बोट येऊ शकतं. आपल्याकडे अशा पोराला नशीबवान म्हणतात, ते सोडा. सापांत हाच तुकडा बिघडलेला आहे. 2016 मध्ये संशोधकांनी सापाचा तुकडा उंदरात बसवला, तर उंदराचे पाय खुंटले.

जुळत नाही ते टाकाऊ, असं मात्र धरू नका. एचएआर1 हा माणसात झपाट्याने बदललेला 118 अक्षरांचा डीएनएचा भाग बघा: चिंपांझी आणि कोंबडीत फक्त 2 अक्षरांचा फरक, माणूस आणि चिंपांझीत 18. तो गर्भाच्या मेंदूत चालू असतो.

सर्टिफिकेटच्या महागड्या कोर्सवर पैसे घालवू नका. लिनक्स आणि थोडं पायथन शिका, एका जनुकाची जुळणी स्वतः लावा. प्रोजेक्टच्या मुलाखतीत विचारतीलच, हेच प्राणी का घेतले?